फोन लोकलमध्ये, वर्ग घरात

प्रति,
माननीय शिक्षणाधिकारी (माध्यमिक),
जिल्हा परिषद, ठाणे

विषय : शाळा पूर्ण ऑनलाइन चालवावी लागल्यास आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांची आणि पालकांची सोय

महोदय,

पावसाळ्यात रेड अलर्ट आला की आधी जिल्हाधिकाऱ्यांची सुट्टी जाहीर होते आणि पाठोपाठ काही शाळांचा निरोप येतो : आजचे तास ऑनलाइन. ऑगस्ट 2025च्या अतिवृष्टीत आपल्या जिल्ह्यातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्याआधी नोव्हेंबर 2024 मध्ये दिल्लीतल्या मुलांचे वर्ग हवेच्या प्रदूषणामुळे मोबाइलवर गेले. शाळा महिनाभर किंवा वर्षभर बंद राहण्याची वेळ पुन्हा येऊ नये असेच आम्हाला वाटते. पण आली तर आपल्या कपाटात तयार योजना असावी, म्हणून हे पत्र.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीची अडचण पुण्या-नाशिकपेक्षा थोडी वेगळी आहे. ऑनलाइन शाळेला दिवसा घरात दोन गोष्टी लागतात : एक फोन आणि एक मोठे माणूस. आमच्याकडे या दोन्ही गोष्टी सकाळी सातच्या लोकलने जातात आणि रात्री साडेआठ-नऊला परत येतात.

2020 मध्ये, कोरोनामुळे शाळा बंद असताना, हे ठळकपणे दिसले. 15 जून 2020 रोजी राज्यातले शैक्षणिक वर्ष ऑनलाइन सुरू करायचे ठरले. नेमक्या त्याच दिवशी अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी लोकल पुन्हा धावू लागली. म्हणजे परिचारिका, पालिकेचे कामगार यांच्या मुलांचा वर्ग ज्या सकाळी सुरू व्हायचा, त्याच सकाळी घरातला फोन मुंबईला निघाला. ज्यांना लोकलची परवानगी नव्हती, ते डोंबिवलीच्या इंदिरा चौकात बसच्या रांगेत उभे होते. घरी दहावीतली ताई आणि सातवीतला भाऊ, आणि असलाच तर आजीचा साधा बटणांचा फोन.

शासनाने काही केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' हा उपक्रम सुरू झाला, बालभारतीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात मोफत मिळाली, सह्याद्री वाहिनीवर 20 जुलै 2020 पासून 'टिलीमिली' ही मालिका लागली. जुलैमध्येच शासनाने नववी ते बारावीसाठी दिवसाला 45 मिनिटांचे चार तास, ही मर्यादाही घालून दिली. शिक्षकांनी स्वतःच्या पैशाने डेटा भरून रात्री अकरापर्यंत शंका सोडवल्या. पण 'टिलीमिली' पहिली ते आठवीसाठी होती आणि तिच्यात पालकाला सोबत धरले होते. नववी-दहावीच्या बाबतीत मात्र सगळ्यांनीच गृहीत धरले, की ही मुले आता मोठी आहेत, आपले आपण पाहतील. चौदा-पंधराव्या वर्षी कॅमेरा बंद करून दुसऱ्या खिडकीत गेम लावता येतो, ही अक्कलही याच वयात येते.

त्या तुकडीची दहावीची परीक्षा रद्द झाली आणि 16 जुलै 2021 रोजी 99.95 टक्के निकाल लागला. कोणाला बीजगणित येत नव्हते आणि कोण सप्टेंबरपासून वर्गात दिसलेच नव्हते, हे त्या आकड्यात कुठेच उमटले नाही. शहरी भागातले आठवी ते बारावीचे वर्ग राज्यभर उघडायला 4 ऑक्टोबर 2021 उजाडला.

यावरून आमच्या काही मागण्या आहेत. यांतल्या बहुतेकांना वेगळा निधी लागत नाही.

पहिली मागणी वेळेची. थेट तास कमी ठेवा आणि प्रत्येक तासाचे रेकॉर्डिंग रात्री पाहता येईल असे ठेवा. आदल्या संध्याकाळी मुलांना एका पानाचे नियोजन पाठवा : पुस्तकातले पान कोणते, गणिते कोणती, वहीत काय लिहायचे. पुस्तक आणि वही हातात असेल तर फोन घरी नसतानाही मुलाचा अर्धा दिवस कामी लागतो. शंकांसाठी रात्री नऊ ते दहा असा एक तास आठवड्यातून दोनदा ठेवावा, आणि त्या दिवशी त्या शिक्षकांचे दुपारचे काम कमी करावे. त्यांनाही घर आहे.

दुसरी मागणी नोंदीची. जूनमध्येच प्रत्येक वर्गशिक्षकाने एक तक्ता भरून घ्यावा : घरात फोन किती, कोणत्या वेळी मोकळा, भावंडे किती. आज शाळेकडे मुलाचे आधार, जात, बँक खाते असते. फोन कितीला घरी येतो, एवढेच नसते. या तक्त्यावरून दोन भावंडांचे तास एकाच वेळी येणार नाहीत, हे पाहता येते. मूल सलग दोन दिवस दिसले नाही तर तिसऱ्या दिवशी शाळेने साधा फोन करावा. गैरहजेरीचा शेरा मारून मूल परत येत नाही. भाजीच्या गाडीवर वडिलांना मदत करायला बसलेला मुलगा 'सर विचारत होते' या तीन शब्दांवर परत येतो.

तिसरी जागेची. चाळीतल्या किंवा झोपडपट्टीतल्या एका खोलीत पाच माणसे असताना 'कॅमेरा चालू ठेवा' ही सक्ती मुलांना लाज आणते. ती नसावी. शाळेची इमारत वापरता येत असेल तेव्हा ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांनी आपल्या अभ्यासिका आणि शाळांमधले काही वर्ग वायफायसह मुलांना ठरलेल्या वेळी उघडून द्यावेत. वीजही याच हिशेबात धरा. 12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, कल्याणची वीज एकदम गेली, आणि तिच्याबरोबर त्या दिवसाचे तासही. अशा दिवशी काय करायचे, हे मुलांना आधीच माहीत असावे.

चौथी मागणी आम्हा पालकांसाठी, आणि ती सर्वांत महत्त्वाची. आम्हाला शिक्षक बनवू नका. दहावीची भूमिती बहुतेकांना आठवत नाही, आणि इंग्रजी माध्यमातल्या मुलांच्या कित्येक आयांना पुस्तकही वाचता येत नाही. रात्री घरी आल्यावर पालकाने तीन प्रश्न विचारायचे, एवढेच आम्हाला शिकवा : आज वहीत काय लिहिलेस, दाखव, कुठे अडलेस, उद्या कोणाला विचारणार? यासाठी वीस मिनिटे आणि शांत आवाज पुरतो. मुलाचा फोन लपून तपासण्यापेक्षा याचा उपयोग जास्त. पालकसभा कामाच्या दिवशी सकाळी अकराला न घेता रविवारी घ्या, आणि सूचना परिपत्रकी मराठीत न लिहिता आपण बोलतो तशा लिहा. गरज असेल तिथे हिंदीतही.

शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. त्याआधी आपल्या सहीचे एकपानी परिपत्रक जिल्ह्यातल्या प्रत्येक माध्यमिक शाळेत पोहोचावे, आणि पहिल्या महिन्यात एक दिवस प्रत्येक शाळेने पूर्ण ऑनलाइन चालवून पाहावा, तोही सोमवारी, पालक कामावर असताना. कोणाचा फोन कुठे आहे, कोण एकटे आहे, कोणाला जागा नाही, हे त्या एका दिवसात कळेल. सायंकाळी प्रत्येक वर्गशिक्षकाने न जोडलेल्या मुलांची यादी आपल्याकडे पाठवावी. योजना त्या यादीपासून सुरू करावी, ही विनंती.

आपला,
एक पालक, डोंबिवली (पूर्व)

प्रत माहितीसाठी :
1. माननीय आयुक्त, ठाणे महानगरपालिका
2. माननीय आयुक्त, कल्याण-डोंबिवली महानगरपालिका