किल्ल्यावर विमान हवे!

दिवाळी आली, की मानवतच्या अंगणांत मातीचे किल्ले उभे राहतात. किल्ल्याला आमची ना नाही. पण मराठी शौर्य तिथेच संपले काय? १९४७-४८च्या काश्मीर युद्धात महावीर चक्र मिळवणारे वैमानिक हृषीकेश मुळगावकर १९७६ साली हवाई दलाचे प्रमुख झाले. किती घरांना ठाऊक आहे? शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील हस्तऱ्याचे विवेक राम चौधरी २०२१ साली त्याच पदावर बसले. तरीही पोरगे ‘वैमानिक होतो’ म्हणाले, की आपण म्हणतो, ‘जिवाला जप, साधी नोकरी बघ!’ मावळ्यांच्या आया असेच म्हणत्या तर? यंदा बुरुजावर दोऱ्याने एक विमान टांगा. आणि पोराने वैमानिकाचे नाव विचारले, तर सांगता येऊ द्या!