इशारा वाचता आला पाहिजे

पाऊस ओसरला की घाटमाथ्यावर आणि कोकणच्या किनाऱ्यावर ड्रोन भिरभिरू लागतात. गेल्या आठवड्यात या सदरात २५० ग्रॅमपर्यंतच्या ‘नॅनो’ ड्रोनविषयी लिहिले होते. त्यावर वाचकांचा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला : ड्रोन हवेत असताना मोबाइलवर लाल-पिवळ्या पट्टीत सूचना येते, रिमोट वाजू लागतो, तेव्हा नेमके करायचे काय?

इशारा दोनच गोष्टी सांगत असतो. एक तर यंत्राला आतापर्यंत जमणारे एखादे काम आता जमत नाही, किंवा एखादे काम ते तुमच्या हातून काढून घेणार आहे. कोणते काम, एवढे ओळखले की पुढचे सुचते. ते न ओळखता घाबरून स्टिक ओढली किंवा सूचना बोटाने बाजूला सारली, तर ड्रोन हातचा जातो.

‘जीपीएस सिग्नल वीक’ घ्या. एरवी स्टिक सोडली की ड्रोन हवेत जागच्या जागी थांबतो, कारण त्याला उपग्रहांवरून आपली जागा कळते. सिग्नल क्षीण झाला की हवेच्या दाबावरून त्याला उंची सांभाळता येते, पण जागा धरता येत नाही आणि वारा त्याला वाहून नेतो. पोटाखालचे सेन्सर जमीन पाहून मदत करतात, तीही कमी उंचीवर आणि पुरेशा उजेडात. हलत्या लाटांवर ते फसतात. अरुंद दरीत किंवा कड्याला खेटून उडवताना निम्मे आकाश झाकलेले असते, म्हणून हा इशारा तिथे हमखास येतो. अशा वेळी स्टिक सोडू नये. वाहण्याच्या उलट दिशेने हलका जोर देत ड्रोन कड्यापासून दूर, मोकळ्या आकाशाखाली आणावा.

‘कंपास एरर’चे मूळ बहुधा जमिनीवर असते. जीपचे बॉनेट, सळयांचा स्लॅब, लोखंडी कठडा अशा जागेवरून उड्डाण केले की होकायंत्र बिघडते. तोंड कोणीकडे आहे हेच चुकीचे समजल्यामुळे ड्रोन जागा सांभाळण्यासाठी चुकीच्या दिशेला सरकतो आणि मोठमोठी वर्तुळे घेऊ लागतो. हा इशारा उड्डाणापूर्वी दिसला, तर त्याच जागी उभे राहून कॅलिब्रेशन करण्यात अर्थ नाही. आधी जागा बदला.

वाऱ्याचा इशारा सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो, कारण तो येतो तेव्हा ड्रोन मजेत उडत असतो. हिशेब करून पाहा. ड्रोनचा स्वतःचा वेग सेकंदाला १० मीटर आहे आणि वारा ८ मीटरचा. वाऱ्याबरोबर जाताना तो सेकंदाला १८ मीटर कापतो, म्हणजे ९०० मीटर अवघ्या ५० सेकंदांत. परतताना वारा तोंडावर असतो. हाती उरतात सेकंदाला २ मीटर. तेच अंतर यायला साडेसात मिनिटे लागतात! बॅटरी संपते ती इथे. म्हणून जाताना वाऱ्याच्या तोंडावर जावे आणि येताना वारा पाठीशी घ्यावा. इशारा आलाच, तर शूटिंग तिथेच थांबवावे, खाली अडथळा नसल्यास उंची कमी करावी, कारण जमिनीजवळ वारा सहसा मंद असतो, आणि स्पोर्ट मोड लावून परत फिरावे.

‘रिटर्न टू होम’ लागले की सूत्रे यंत्राकडे जातात. सिग्नल तुटल्यावर किंवा बॅटरी उतरल्यावर ते आपोआप लागते. इथे दोन गोष्टी आधीच ठाऊक हव्यात. पहिली, पडद्यावरची उंची उड्डाणाच्या जागेपासून मोजलेली असते, ड्रोनच्या पायाखालच्या जमिनीपासून नव्हे. परतीची उंची ५० मीटर ठेवलेली असेल आणि वाटेत ८० मीटरची डोंगरसोंड असेल, तर समोर सेन्सर नसलेला छोटा ड्रोन थेट तिच्यावर आदळेल. दुसरी, ‘होम’ म्हणजे उड्डाणाच्या वेळी नोंदवलेली जागा. होडीतून ड्रोन सोडला आणि होडी पुढे गेली, तर तो मूळ जागी, म्हणजे समुद्रात उतरायला जाईल. म्हणून ‘होम पॉइंट अपडेटेड’ ही सूचना ऐकल्याशिवाय आणि नकाशावर ती जागा पाहिल्याशिवाय उंच जाऊ नये.

बॅटरीचा शेवटचा इशारा आला की अनेक मॉडेलमध्ये सक्तीचे लँडिंग सुरू होते. ते रद्द होत नाही, पण दिशा तुमच्या हाती असते. वरच्या दिशेने स्टिक धरली की उतरणे मंदावते, आणि तेवढ्या वेळात दुसऱ्या स्टिकने ड्रोन माणसांपासून, तारांपासून, पाण्यापासून दूर मोकळ्या जागी नेता येतो. हे ठाऊक नसलेला माणूस नुसता पाहत राहतो.

हे सगळे कड्याच्या टोकावर उभे राहून शिकता येत नाही. गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात, बॅटरी भरलेली असताना, ‘रिटर्न टू होम’ मुद्दाम लावा, मध्येच रद्द करा आणि ड्रोन स्वतःच्या हाताने उतरवा. परतीची उंची प्रत्येक नव्या जागी नव्याने ठरवा. आपले काही हजार रुपये जातील ही भीती दुय्यम आहे. खाली माणसे असतात, आणि फिरती पाती घेऊन पडणारे अडीचशे ग्रॅम डोळा घालवायला पुरेसे असतात. तेव्हा ज्या इशाऱ्याचा अर्थ लागत नाही, त्यावर एकच उपाय : ड्रोन आधी मोकळ्या जागी उतरवा, अर्थ मग शोधा.