गवती टोपीतला कप्तान

दोस्तांनो, आज एक विचित्र गोष्ट सांगतो. एक माणूस दिवसभर राबतो. पण त्याची मजुरी त्याची नाही. बायकोमुलं आहेत, पण तीही त्याची नाहीत. मालकाच्या मनात आलं, तर उद्या विकूनसुद्धा टाकेल! अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत तेव्हा हे सारं चक्क कायद्यानं चालत असे.

रॉबर्ट स्मॉल्स हा असाच एक गुलाम. जन्म १८३९ चा, साउथ कॅरोलायनातल्या ब्यूफर्ट गावचा. बारा वर्षांचा असताना मालकानं त्याला चार्ल्सटन बंदरात कामाला धाडलं. पुढे हॅनाशी लग्न झालं. तीही गुलामच, पण मालक वेगळा. त्यानं मायलेकींच्या सुटकेची किंमत सांगितली ८०० डॉलर. रॉबर्टची शिल्लक? जेमतेम १००!

१८६१ साली अमेरिकेच्या उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या राज्यांत युद्ध पेटलं. रॉबर्ट तेव्हा दक्षिणेच्या सैन्याच्या ‘प्लँटर’ या आगबोटीचं सुकाणू धरत होता. किल्ल्यांचे इशारे, पाण्यातल्या वाटा, सारं त्याला तोंडपाठ. त्याच्यापासून कुणी काही लपवलंच नव्हतं. गुलामाला काय कळतंय, असंच सगळ्यांना वाटायचं ना!

१२ मे १८६२ च्या रात्री बोटीवरचे तिन्ही गोरे अधिकारी हुकूम मोडून घरी झोपायला गेले. पहाटे तीनच्या सुमारास रॉबर्टनं बोट हाकारली. वाटेत दुसऱ्या धक्क्यावरून बायकामुलांना घेतलं. लहानथोर मिळून सोळा जीव. पकडले गेलो तर बोटच बुडवायची, असं आधीच ठरलं होतं.

रॉबर्टनं कप्तानाची गवती टोपी डोक्यावर चढवली. त्याच्याच ढंगात हाताची घडी घालून तो उभा राहिला. समोर फोर्ट सम्टर, तोफा रोखलेल्या. त्यानं ठरलेल्या इशाऱ्याचा भोंगा वाजवला. एक क्षण... दोन क्षण... आणि पहारेकऱ्यानं बोट जाऊ दिली!

तोफांच्या माऱ्याबाहेर पडताच दक्षिणेचं निशाण उतरलं. पण पुढे उत्तरेची लढाऊ जहाजं होती. शत्रूच आला समजून तीही तोफा डागायच्या बेतात. तेवढ्यात त्यांना ‘प्लँटर’वर फडकणारं पांढरं कापड दिसलं. ती होती अंथरुणावरची साधी चादर! सोळाच्या सोळा जण सुटले.

पुढे रॉबर्ट लिहायला-वाचायला शिकला. ज्या मालकाच्या घरामागच्या झोपडीत तो जन्मला, ते घरच त्यानं विकत घेतलं. १८६८ मध्ये साउथ कॅरोलायनाची नवी राज्यघटना बनली, तेव्हा सर्व मुलांसाठी सरकारी शाळा हव्यात, असा आग्रह त्यानं धरला. १८७४ मध्ये तो अमेरिकेच्या संसदेवर निवडूनही आला.

आणि एक गंमत सांगू? ही लढाई आपल्या पुण्यालाही ठाऊक होती बरं का! १८६५ मध्ये अमेरिकेतली गुलामगिरी कायद्यानं संपली. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी आपलं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक, गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं.

आता नकाशात चार्ल्सटन शोधा पाहू. आणि आईबाबांना विचारा, याला काय कळतंय, असं आपण कुणाकुणाबद्दल म्हणतो? भेटू पुढच्या आठवड्यात!