एका बाजूनं वाढलेलं झाड

माणसानं आयुष्यात काहीही करावं, पण नातेवाइकांना एकत्र आणून विधायक कार्य करायला जाऊ नये. लग्न, बारसं, वास्तुशांत ही कार्यं यात धरायची नाहीत. तिथं जेवण असतं, म्हणून माणसं येतात. मी मात्र नांदेडात बसून आमच्या घराण्याची वंशावळ इंटरनेटवर मांडायला घेतली. जेवण नाही, आहेर नाही, नुसती नावं द्यायची! अपराध मला कबूल आहे.

कल्पना सोपी होती. एकानं झाड लावायचं आणि बाकीच्यांनी घरबसल्या आपापल्या फांद्या जोडायच्या. 'जेनी' नावाचं संकेतस्थळ २००७ पासून साऱ्या जगाचं मिळून एकच झाड करायला बसलं आहे. जगाचं जमतं, तर नांदेड-लातूरच्या दहा-बारा घरांचं का जमू नये? मी त्रेचाळीस जणांना निमंत्रणं धाडली. दोघांनी प्रतिसाद दिला. एक माझी बायको, आणि तीही मी समोर बसून होतो म्हणून. दुसरा पुण्याचा भाचा. त्यानं स्वतःचे चार फोटो चढवले आणि आजोबांच्या नावाच्या रकान्यात 'आजोबा' असं लिहिलं.

लातूरच्या काकांचा फोन आला. "ओटीपी आलाय. बँकवाले म्हणतात कुणाला सांगू नका. तुला सांगू का नको?"

"मला नका सांगू काका, तिथं भरा."

"मग तू मागूलालास कशाला?" फोन बंद.

असे दीड वर्ष गेले. मग २०२३ साली निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला सरकारनं न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाड्यात जो तो माळ्यावर चढला. मोडी वाचणाऱ्याला आणि उर्दू जाणणाऱ्याला जावयाचा मान आला. ज्यांनी आयुष्यात सातबाराखेरीज काही वाचलं नव्हतं, ते खासरा पत्रक डोळ्यांशी धरून बसू लागले. २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटियरचा शासननिर्णय निघाला आणि वंशावळ हा शब्द चहाच्या टपरीपर्यंत पोचला. मग आमच्या काकांनीही मनावर घेतलं. पंधरा दिवसांत सात पिढ्यांचा कागद माझ्या हातात.

मी नावं मोजली. एकतीस पुरुष. बाई एकही नाही. आमच्या घराण्यात सात पिढ्या बापाच्या पोटी लेक जन्मत आला, असं त्या कागदाचं म्हणणं होतं.

"काका, पणजीचं नाव?"

"पणजी कामून लागती? तहसीलीत विचारत नाहीत."

काकांचं एवढं खरं आहे. जातीचा दाखला वडिलांच्या बाजूनं मिळतो, म्हणून कचेरी बापाकडचीच माणसं विचारते. पण कचेरीला जे लागत नाही ते आपल्यालाही लागत नाही, हे कुणी ठरवलं? तहसीलदाराच्या फायलीला घराणं म्हणायचं असेल, तर आपण आपल्या आयांना आई म्हणायचं कशाला? अर्जदाराच्या वडिलांची पत्नी म्हणावं! आणि सरकारसुद्धा आता काकांच्या पुढं गेलंय. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकराच्या नावात आधी आईचं नाव आणि मग बापाचं, असा नियम झाला. ज्या सरकारची ढाल करून काका लढत होते, त्यानंच ढाल काढून घेतली.

काकांचा दुसरा मुद्दा असा, की लेकी परक्या घरच्या. या मुद्द्यावर मात्र मी गप्प बसणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा काकांचं औशाकडचं घर बसलं. त्यानंतर तीन महिने काका, काकू आणि तीन लेकरं कुणाच्या घरी जेवली? नांदेडला, थोरल्या आत्याच्या घरी. ती परक्या घरची आत्या काकांच्या सख्ख्या बापाची लेक आहे, आणि एकतीस नावांत ती नाही. भाकरी चालली, नाव चालत नाही!

मी उठून आत्याकडं गेलो. ती आता अठ्ठ्याऐंशीची.

"कामून रे, वाट चुकलास?"

आत्याजवळ कागद नाही, पण पंचांग आहे. कोण पोलीस अॅक्शनच्या आधी जन्मलं, कोण बहात्तरच्या दुष्काळात, कुणाचं बारसं लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या साली, म्हणजे २०१६ ला झालं, सगळं तोंडपाठ. तासाभरात बावीस बायका झाल्या. पणजीपाशी मात्र ती अडली. सासरचं नाव होतं, लग्नात बदललेलं. माहेरचं?

"मी एकदा पुसलं होतं आजीला," आत्या म्हणाली. "ती म्हणाली, इसरले बाई. कुणी हाकच मारत नव्हतं त्या नावानं." मग थोड्या वेळानं म्हणाली, "तिची बहीण यायची ती 'चिमे' म्हणायची."

घरी येऊन मी पणजीच्या माहेरच्या नावाच्या रकान्यात 'चिमी' लिहिलं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर रकाना कोरा. काकांचा फोन: "चिमी हे काय नाव झालं? लोक बघतील! मी काढलं."

मी थक्क. ज्या काकांना दीड वर्ष ओटीपी भरता आला नाही, त्यांनी तो भरला, आत शिरले, झाड चढले आणि नेमकी ती एक पणजी खाली उतरवली. नातेवाईक सहकार्य करत नाहीत, ही माझी तक्रार मी मागं घेतो. सहकार्य मिळतं. पुसायला मिळतं.

मी 'चिमी' पुन्हा लिहिलं. काकांनी पुन्हा काढलं. मग आत्याच्या नातीनं लिहिलं, आणि भांडण बघायला म्हणून आलेल्या अकरा जणांनी जाता जाता आपापल्या आज्यांची नावं टाकली. काल रात्री काकांचा पुन्हा फोन.

"ओटीपी येईना रे. बघ की जरा."

मी म्हटलं, "काका, बँकवाले काय म्हणतात? कुणाला सांगायचा नाही."