सावलीतलं तापमान



हवामान खात्याचं थर्मामीटर पांढऱ्या झडपांच्या पेटीत राहतं. सावलीत, वारा खेळता, जमिनीपासून चारेक फूट वर. शास्त्र म्हणून बरोबरच आहे. ऊन थेट पडलं तर हवेचं माप चुकतं. पण मी ज्या बोटीच्या पोटात स्टीलच्या कॉईल हुकाला लावतो, तिथं झडपा नाहीत. चारी बाजूंनी तापलेला पत्रा, वर उघडं आभाळ.

किनाऱ्यावर उष्णतेची लाट जाहीर व्हायची तर निदान ३७ अंश हवेत, आणि तेही नेहमीपेक्षा साडेचारने चढलेले. मे महिन्यात मोबाईल ३५ दाखवत असताना आमच्या टोळीतला पोरगा आडवा झाला. घाम निथळत होता, वाळत नव्हता. घाम वाळला तरच अंग निवतं, आणि मुंबईची दमट हवा तो वाळू देत नाही. कागदावर लाट नव्हती. पोराची पाळी मात्र कापली.

१९०१ ते २०१८ मध्ये देशाचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढलं, असं केंद्र सरकारचा २०२० चा अहवाल सांगतो. ०.७! कुणाची झोप उडणार? सरासरी सगळ्यांना एका पंगतीला बसवते. पानात पडतं ते ज्याच्या त्याच्या जागेप्रमाणे.

२६ जुलै २००५ घ्या. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. तेव्हाच पंचवीसेक किलोमीटरवर कुलाब्यात जेमतेम ७३. सरासरी काढा, पाचशेच्या वर येते. तेवढा पाऊस दोन्हीकडे पडलाच नव्हता! साकीनाक्याला दरडीखाली झोपड्या गाडल्या गेल्या. मी तेव्हा आईच्या खांद्यावर होतो. गळ्यापर्यंतच्या पाण्यातून तिनं मला नेलं, एवढंच ती सांगते. पुढचं सांगत नाही.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ ते २००० चा मध्य भारतातला पाऊस तपासला. २००६ साली छापलं. हंगामाची बेरीज फारशी हललेली नाही, पण मुसळधार वाढला आणि मध्यम पाऊस घटला. म्हणजे बेरीज शाबूत, पोट फाटलेलं. नंतर रॉक्सी कोल यांच्या गटानं २०१७ साली दाखवलं की त्याच पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ मध्ये तिप्पट झाल्या. कारण हेही सांगितलं, की अरबी समुद्रावरून येणारे दमट वारे आता जास्त लहरी झालेत, एकदम बाष्प आणून ओततात.

माझा आजा ७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आला. तो झडीबद्दल बोलायचा. झड लागली की तण माजतं, तण माजलं की खुरपणी, खुरपणी म्हणजे भूमिहीनाच्या घरात भाकर. धो धो पडून माती वाहून गेली तर बागायतदार पंचनामा मागतो. ज्याच्या नावावर सातबाराच नाही त्याचा पंचनामा कशावर लिहायचा?

इथं गोदीतही तेच. पाऊस आला की बोटीची झाकणं बंद, माल भिजता कामा नये. पाळी बुडाली की मजुरी बुडाली. मग घरी जायचं, तर घर उतारावर. १८ जुलै २०२१ उजाडायच्या आधी, मध्यरात्रीनंतर चेंबूरच्या भारतनगरात भिंत झोपलेल्यांवर पडली.

मागच्या आठवड्यात मुकादमाला म्हटलं, बोटीच्या पोटात एक थर्मामीटर टांगा. तो हसला.

"तापमान कळून काय करशील रे, पाळी सोडशील?"