वऱ्हाड आणि वऱ्हाड

"काऊन रे, आम्हाले यादीतून काढलं का?"

दिवाळीला बोथला पोचलो, तर चहाच्या आधी काकांनी हाच प्रश्न टाकला. मंडळातल्या कुटुंबांची यादी शोधता यावी म्हणून मी जावात एक छोटा प्रोग्रॅम केला होता. 'मूळ प्रांत' या रकान्यात 'वऱ्हाड' शोधलं की शेजारची घरं येत होती, आमचंच येत नव्हतं. आमचे आजोबा वऱ्हाडातून इकडे आले. तेलंगणात राहून घरात मराठी टिकवलेल्या माणसाला तो रकाना किती लागतो, हे तुम्हाला सांगायला नको.

आमची नोंद उघडली. तिथे स्वच्छ 'वऱ्हाड' लिहिलेलं!

चुलतभाऊ बी.टेक.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. "दादा, टेस्टिंग सुरू कुठून करू?" हे त्याचं दोन महिन्यांपासूनचं टुमणं. म्हटलं, बस, इथूनच कर.

जेडीके आणि मेव्हन टाकलं. मेव्हनचं काम घरच्या कर्त्या बाईसारखं: काय काय लागतं ते 'पॉम' फाइलमध्ये एकदा लिहून द्यायचं, आणणं-जोडणं ते बघतं. आपण तिथे जेयुनिट लिहिलं. केंट बेक आणि एरिक गामा यांनी १९९७ साली झुरिकहून अटलांटाला जाताना विमानात जेयुनिटची सुरुवात केली. आम्हाला मात्र ते मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून उतरवायलाच फराळाचं ताट संपेपर्यंत वेळ लागला. हे पहिल्याच वेळी होतं. मग त्या फाइली आपल्या मशीनवर राहतात.

पहिली टेस्ट चार ओळींची. शोधलेला शब्द आणि आमच्या नोंदीतला शब्द सारखे आहेत, एवढाच दावा. 'एमव्हीएन टेस्ट' दिलं आणि सगळं हिरवं! भाऊ खूश. मी आकडा बघितला: चाललेल्या टेस्ट शून्य. त्याने फाइलला 'तपासणी' असं नाव दिलं होतं. मेव्हन ठरलेल्या नावांच्याच फाइली उचलतं, म्हणजे नावाच्या सुरुवातीला किंवा शेवटी 'टेस्ट' हवं. नवशिक्यांना यात हमखास ठेच लागते, म्हणून रंगाआधी आकडा बघायची सवय लावून घ्या.

नाव बदललं आणि लाल झालं. संदेश असा: अपेक्षित 'वऱ्हाड', मिळालं 'वऱ्हाड'. भाऊ हसायलाच लागला. मग दोन्हींची लांबी छापली, तर एक ६ आणि एक ७.

गोम 'ऱ'मध्ये होती. युनिकोडमध्ये 'ऱ' हे एक सबंध अक्षर आहे, आणि 'र'खाली नुक्ता देऊनही तेच बनतं. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण जावा दोन्हींना वेगळं मानतं. कोणी मोबाइलवर भरलं, कोणी कॉम्प्युटरवर, आणि मी काहीच न तपासता साठवलं. चूक सरळ माझी. जावाच्या 'नॉर्मलायझर'मधून एनएफसी रूपात शब्द काढला की दोन्ही एक होतात. तसं केलं आणि टेस्ट हिरवी झाली, या वेळी आकडा १.

तरी दोन घरं सापडेनात. त्यांच्यात 'र', हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडचिन्हाचा कोड होता. तेही 'वऱ्हाड'च दिसतं, पण एनएफसी त्याला हात लावत नाही. त्यासाठी भावाने आधी टेस्ट लिहिली, ती लाल झालेली बघितली आणि मगच बदलाची ओळ लिहिली. मी नुसता चकल्या खात होतो. आता यातली एक जरी टेस्ट पडली, तरी 'एमव्हीएन पॅकेज' नवी फाइल बनवतच नाही, अडून बसतं. ती शिस्त मला यादी बनवतानाच लावायची होती.

रात्री काकांनी स्वतः शोधून बघितलं. नाव आलं. चष्मा सरकवत म्हणाले, "आलं, पण एवढं खाली काऊन?"

मराठी अकारविल्ह्याची टेस्ट अजून लिहायची आहे.