सेवेला मोजमापाची जोड हवी

पाश्चात्त्य विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत उष्णकटिबंधातील देशांचा दौरा ही आता नित्याची बाब झाली आहे. विद्यार्थ्यांनी दोन-तीन आठवडे कोस्टा रिकाच्या वर्षावनात किंवा आफ्रिकेतील एखाद्या खेड्यात राहावे, निरीक्षणे नोंदवावीत, काही दिवस श्रमदान करावे आणि परतावे, असे या दौऱ्यांचे साधारण स्वरूप असते. विज्ञान आणि सेवा यांची ही सांगड वरकरणी आकर्षक आहे. तथापि अशा दौऱ्यातून यजमान गावाच्या पदरात नेमके काय पडते, हा प्रश्न आता त्या देशांतही विचारला जात आहे. अनाथालयांना भेटी देणाऱ्या हौशी स्वयंसेवकांमुळे गरीब मुलांना घरापासून तोडून अशा संस्थांत भरती करण्याचा व्यवसायच काही देशांत उभा राहिला. अखेर २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाने या प्रकाराची आधुनिक गुलामगिरीचा एक प्रकार म्हणून दखल घेतली. हेतू चांगला असला की परिणामही चांगलाच होतो, या समजुतीला त्यामुळे तडा गेला.

हा विषय कर्जतकरांना परका वाटण्याचे कारण नाही. साडेअठरा अक्षांशावरील कर्जत तालुका उष्णकटिबंधातच येतो आणि अशा अभ्यासदौऱ्यांचे जगभर परिचित असलेले एक ठिकाण शेजारच्या तालुक्यात आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तेथील कार्यपद्धती शिकण्यासाठी देशोदेशींचे वैद्यकीय आणि सार्वजनिक आरोग्याचे विद्यार्थी जामखेडला येत राहिले.

त्यांनी तेथे काय पाहिले, हे महत्त्वाचे आहे. आरोळे दांपत्य परदेशात उच्च शिक्षण घेऊन आले होते; परंतु त्यांनी गावावर उपचार लादले नाहीत. गावकऱ्यांनी पहिली मागणी दवाखान्याची नव्हे, तर अन्नाची आणि पाण्याची केली. त्या दुष्काळी वर्षांत कूपनलिका घेण्यात आल्या आणि त्यांतील अनेक दलित वस्त्यांत घेतल्या गेल्यामुळे पाण्याबरोबर सामाजिक भिंतीही हलल्या. पुढे गावातीलच, बहुधा निरक्षर असलेल्या स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून शिकविण्यात आले. मुलांची वजने घेणे, गरोदर स्त्रियांची तपासणी करणे, जन्म-मृत्यूची नोंद ठेवणे ही कामे त्यांच्या हाती आली. १९७१ मध्ये या परिसरात हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत होती. दोन दशकांत हे प्रमाण अत्यंत खाली आले. या यशामागे औषधांइतकाच वाटा गावाने स्वतः ठेवलेल्या नोंदींचा आणि त्यावरून घेतलेल्या निर्णयांचा आहे.

याउलट, विज्ञानाचा आधार नसलेली सेवा काय करू शकते याचेही उदाहरण याच परिसरात सापडते. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे १९८० साली काळविटांसाठी अभयारण्य स्थापन झाले. त्याचे क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर आहे. काळविटाला दाट झाडी नको, मोकळा माळ हवा असतो. माळढोकाचेही तसेच. १९७९ साली घोषित झालेल्या माळढोक अभयारण्यात सोलापूरबरोबर या भागाचाही समावेश होता. तो पक्षी आज महाराष्ट्रातून जवळपास नाहीसा झाला आहे. परंतु आपल्या सरकारी आणि सार्वजनिक भाषेत माळ म्हणजे पडीक जमीन आणि पडीक जमीन म्हणजे झाडे लावण्याची जागा, असे समीकरण रुजले आहे. राज्य शासनाने २०१६ मध्ये दोन कोटी वृक्षलागवडीचे लक्ष्य ठेवले, ते २०१९ मध्ये ३३ कोटींवर गेले. या मोहिमांत विद्यार्थी मोठ्या संख्येने उतरले. त्यांची तळमळ खरी होती. मात्र गवताळ माळावर खड्डे खणून झाडे लावली, तर तेथील गवत, त्यावर जगणारे प्राणी आणि मेंढपाळांची चराई या तिन्हींना धक्का बसतो. हे त्यांना कोणी सांगायचे?

या पार्श्वभूमीवर आपल्या महाविद्यालयांतील व्यवस्थेकडे पाहिले पाहिजे. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुरू झाली. वर्षाला १२० तासांचे काम, दत्तक गाव आणि सात दिवसांचे श्रमसंस्कार शिबिर ही तिची चौकट गावोगाव परिचित आहे. या शिबिरांनी अनेक तरुणांना खेड्याची खरी ओळख करून दिली, हे नाकारता येणार नाही. परंतु सात दिवस संपले की ग्रामस्वच्छता, प्रभातफेरी आणि समारोपाच्या भाषणापलीकडे गावात काय उरते? पुढील वर्षी दत्तक गाव बदलले की आधीचे काम तपासण्याची सोयही राहत नाही. परदेशी दौऱ्यांवर जो आक्षेप घेतला जातो, तोच येथेही लागू पडतो. पाहुणे बदलतात, गाव तेथेच राहते.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आता क्षेत्र-प्रकल्प आणि समाजसहभाग यांना श्रेयांक मिळू लागले आहेत. ही संधी कागदी अहवालांत वाया घालवायची नसेल, तर तीन गोष्टी कराव्या लागतील. एक, गाव किमान पाच वर्षे तेच असावे. दोन, कामाचा विषय ग्रामसभेने सुचवावा. तीन, प्रत्येक तुकडीने मागील तुकडीची नोंदवही पुढे चालवावी. कर्जतसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात ठरावीक विहिरींची पाणीपातळी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर मोजणे, पर्जन्यमान टिपणे, माळावरील गवत व पक्ष्यांची नोंद ठेवणे यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. दोरी, मोजपट्टी, पर्जन्यमापक आणि सातत्य पुरते. याच जिल्ह्यातील हिवरेबाजारने पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविण्याची शिस्त लावली, ती अशा मोजमापावरच उभी आहे.

रयत शिक्षण संस्थेच्या 'कमवा आणि शिका' या परंपरेत वाढलेल्या या भागाला श्रमाचे महत्त्व नव्याने सांगण्याची गरज नाही. गरज आहे ती श्रमामागे प्रश्न आणि प्रश्नामागे मोजमाप उभे करण्याची. आपल्या मुलांनी परदेशातील प्रयोगशाळा अवश्य पाहाव्यात. परंतु ज्या माळाचा आणि ज्या आरोग्य प्रकल्पाचा अभ्यास जगातील विद्यार्थी करू इच्छितात, तो येथील पदवीधराला ठाऊक नसेल, तर ती उणीव शिष्यवृत्तीने भरून निघणारी नाही. पुढचा दुष्काळ येईल तेव्हा गावाला भाषणे नकोत, गेल्या दहा वर्षांच्या विहिरींच्या नोंदी लागतील. त्या ठेवायला आजच सुरुवात करावी लागेल.